नाव आणि नाद

मराठी माणसाला मंडळी फुटण्याचे दुःख नवीन नाही. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची ही घटना. पण बेळगावच्या आमच्या घरात ती जणू गेल्या दिवाळीत घडली असावी अशा आवेशाने बोलली जाई. आजोबा किर्लोस्करांच्या पक्षाचे. घर सोडून जाणाऱ्याने कितीही गोड गळा बरोबर नेला तरी घर मागेच राहते, असे ते म्हणत. आजी गंधर्वांच्या पक्षाची. गळाच गेला तर मागे उरतात ते पडदे आणि पेट्या, हे तिचे उत्तर. वाद कधी मिटला नाही, कारण तो मिटण्यासारखा नव्हताच. मंडळीचे नाव एकीकडे राहिले आणि नाद दुसरीकडे गेला, तर मंडळी कोणती म्हणायची, असा तो प्रश्न होता.

तोच प्रश्न पुढे बंगळुरात, माझ्या स्वतःच्या घरी, एका अमेरिकन मंडळीच्या निमित्ताने पुन्हा माझ्यापुढे आला. मी १९७४ साली बेळगाव सोडून एच. एम. टी.च्या घड्याळ कारखान्यात तपासणी विभागात लागलो. तयार झालेले घड्याळ चोवीस तासांत किती सेकंद पुढे जाते, किती मागे पडते, हे पाहणे हे माझे काम. कानाला सवय होती ती नाट्यपदांची, आणि धारवाडकडून आलेल्या मल्लिकार्जुन मन्सूर व भीमसेन जोशी यांच्या ख्यालगायनाची. ‘बँड’ म्हटले की वरातीपुढे चालणारे, लाल डगलेवाले वादक डोळ्यांपुढे येत. विजेवर चालणाऱ्या गिटारीचा मुद्दाम फाटलेला, खरखरीत केलेला स्वर, त्याखाली ढोलांचा घण आणि वर किंचाळण्याच्या काठावरचा गळा अशी ‘हार्ड रॉक’ नावाची चीज आमच्या घरी आणली ती माझ्या मुलाने.

मुलाचाही त्यात विशेष काही पराक्रम नव्हता; हे शहरच तसे आहे. म्हैसूरच्या राजाचे एक बंगळूर आणि इंग्रजी पलटणींच्या छावणीचे दुसरे, अशी दोन गावे इथे दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदली. छावणीच्या बाजूला चर्चमधील समूहगायन, अँग्लो-इंडियन घरांतले पियानो, इंग्रजी शाळा आणि नाचाची सभागृहे होती. फौज गेली, पण कान राहिला. पुढे देशभरातून शिकायला आलेल्या मुलांना हा कान आयता मिळाला. लंडनची ‘आयर्न मेडन’ मंडळी १७ मार्च २००७ रोजी आणि अमेरिकेची ‘मेटॅलिका’ ३० ऑक्टोबर २०११ रोजी इथल्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेली, तेव्हा दूरदूरच्या गावांतून मुले रेल्वेने आली होती. एकाच शहरात पहाटे मल्लेश्वरममध्ये वेंकटेश सुप्रभातम् आणि रात्री पॅलेस ग्राउंड्सवर हा गदारोळ; बंगळूरकराला त्यात विसंगती वाटत नाही.

माझ्या मुलाच्या खोलीत ज्यांची मोठाली चित्रे होती ती मंडळी म्हणजे लॉस एंजेलिसची ‘गन्स एन रोझेस’. तिच्या नावातच तिचे भविष्य लिहिलेले होते, असे आता वाटते. ‘एल. ए. गन्स’ आणि ‘हॉलिवुड रोझ’ या दोन मंडळींतले वादक मार्च १९८५ मध्ये एकत्र आले. एकीकडून गायक ॲक्सल रोझ आला, दुसरीकडून गिटारवादक ट्रेसी गन्स. दोघांच्या आडनावांचा समास करून नवे नाव झाले. काही महिन्यांतच ट्रेसी गन्स बाहेर पडला. म्हणजे ज्याच्यामुळे नावात ‘गन्स’ होते तो माणूस मंडळीची खरी सुरुवात होण्याआधीच निघून गेला आणि त्याचे नाव मात्र मागे राहिले.

जून १९८५ पर्यंत पाच जणांचा संच जमला. इंडियाना राज्यातल्या लाफाएत या गावचे दोन जुने मित्र, ॲक्सल रोझ आणि इझी स्ट्रॅडलिन; लंडनला जन्मलेला, इंग्रज बाप व कृष्णवर्णीय अमेरिकन आई यांचा मुलगा सॉल हडसन, म्हणजेच स्लॅश; त्याचा शाळकरी मित्र, ढोलवादक स्टीव्हन ॲडलर; आणि सिॲटलहून आलेला, घरातल्या आठ भावंडांत धाकटा असलेला डफ मकेगन. पहिल्याच दौऱ्यात सिॲटलला जाताना यांची गाडी रस्त्यात बंद पडली. मिळेल त्या वाहनाला हात करत हे पुढे गेले आणि तिथे वाजवून परतले. आपल्याकडे बैलगाडीतून पडदे वाहून नेणाऱ्या नाटकवाल्यांच्या ज्या कथा आहेत त्याच जातीची ही कथा. एकत्र उपाशी राहिल्याशिवाय मंडळी बनत नाही, हा नियम सर्व देशांत सारखाच दिसतो.

त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ २१ जुलै १९८७ रोजी निघाली. ती लगेच गाजली नाही. वर्षभर मंडळी गावोगाव दुसऱ्यांच्या कार्यक्रमांआधी वाजवत फिरली, एम टीव्हीने हळूहळू तिची गाणी दाखवायला घेतली, आणि ऑगस्ट १९८८ मध्ये ती अमेरिकेतील खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. पुढे एकट्या अमेरिकेत तिच्या १ कोटी ८० लाख प्रतींची अधिकृत नोंद झाली. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच एक नोंद. या मुद्रिकेतील बहुतेक गाण्यांचे श्रेय पाचही जणांच्या एकत्रित नावावर आहे. कोणी शब्द रचले आणि कोणी चाल लावली, हे वेगळे सांगितलेले नाही.

ते सांगता येण्यासारखेही नव्हते. ‘स्वीट चाइल्ड ओ माइन’ या गाण्याच्या आरंभीची सुरावट स्लॅश घरी बसून बोटांचा चाळा म्हणून थट्टेने वाजवत होता. इझीने तिच्याखाली स्वरमेळ भरले. वरच्या मजल्यावर बसलेल्या ॲक्सलने ते ऐकले आणि शब्द लिहायला घेतले. सप्टेंबर १९८८ मध्ये हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. आता यातून एकेकाचा वाटा काढून दाखवा म्हटले तर कसा काढणार? चाळा करणाऱ्याचा, तो चाळा आहे असे न मानणाऱ्याचा, की वरच्या मजल्यावर कान देऊन बसलेल्याचा?

माझ्या मुलाने व त्याच्या चार मित्रांनी १९९६ साली आमच्या गच्चीवरच्या खोलीत वाजवायला सुरुवात केली, तेव्हा मी खाली बसून हे संगीत ऐकू लागलो. आधी सोसायचे म्हणून, मग सवयीने, आणि नंतर व्यवसायाच्या कानाने. ॲडलरचा ताल घड्याळासारखा नव्हता. तो किंचित झुलायचा. झोपाळ्याला पुढच्या टोकाला क्षणभर थांबल्यासारखे होते तसा. आमच्या विभागात असे घड्याळ मी नापास केले असते. पण गाण्यात नेमका तोच झोका बाकीच्या चौघांना उचलून धरत होता. त्याच्यानंतर आलेला मॅट सोरम हा भक्कम, नेमका वादक. त्याचा ताल हलत नसे. तरी झोका गेला तो गेलाच. घड्याळाचा एक भाग झिजला तर त्याच मापाचा दुसरा बसवता येतो आणि घड्याळ तेच राहते, कारण प्रत्येक भाग आधी मापाला उतरलेला असतो. मंडळीतली माणसे मात्र एकमेकांना घासून घासून मापाला आलेली असतात. त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत.

१९८८ च्या अखेरीस निघालेल्या मुद्रिकेतील एका गाण्यात कृष्णवर्णीय, परदेशातून आलेले आणि समलिंगी लोक यांच्याविषयी हीन शब्द होते. ते शब्द ॲक्सलचे, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या स्लॅशची आई कृष्णवर्णीय. मी स्वतः परमुलखात पोट भरायला आलेला माणूस. ते गाणे माझ्या घरात वाजू नये असे मी मुलाला सांगितले आणि त्यानेही ते पुन्हा लावले नाही. हेरॉइन आणि मद्य यांनी उरलेले काम केले. जुलै १९९० मध्ये ॲडलरला काढून टाकण्यात आले. पुढच्या मोठ्या कामातल्या ‘सिव्हिल वॉर’ या एकाच गाण्यात त्याचे ढोल उरले.

ते मोठे काम म्हणजे ‘यूझ युवर इल्यूजन’. त्याचे दोन स्वतंत्र भाग १७ सप्टेंबर १९९१ रोजी एकाच दिवशी निघाले आणि यादीत पहिल्या व दुसऱ्या क्रमांकावर बसले. वैभवाचा हा कळस; पण त्या मुद्रिकांवरची नावे वाचावीत. पाचांचे सामाईक श्रेय नाहीसे होऊन प्रत्येक गाण्यापुढे ज्याचे त्याचे नाव आले होते. आपल्याकडे भावाभावांत वाटण्या होण्याआधी भांड्यांवर नावे घालू लागतात, तसेच ते मला वाटते. इझी हा सर्वांत अबोल आणि गाण्याची मूळ चौकट रचणारा. तो नशेतून बाहेर पडला होता, आणि तासन्‌तास उशिरा सुरू होणारे कार्यक्रम व त्यांतले दंगे त्याला सोसेनात. २ जुलै १९९१ रोजी सेंट लुईसजवळ ॲक्सलने प्रेक्षकांतील एका छायाचित्रकारावर झेप घेतली, मग रंगमंच सोडला, आणि मैदानात दंगल उसळली. नोव्हेंबर १९९१ मध्ये इझी निघून गेला. पुढच्या वर्षी ८ ऑगस्टला माँट्रियलमध्ये पुन्हा तेच झाले: कार्यक्रम अर्धवट, मग दंगल.

१७ जुलै १९९३ रोजी ब्यूनोस आयर्समध्ये अडीच वर्षांचा दौरा संपला. त्यानंतर ॲक्सल, स्लॅश आणि डफ हे तिघे एका रंगमंचावर दिसायला बावीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १९९४ मध्ये मद्याने डफचे स्वादुपिंड फुटले आणि तो मरणाच्या दारातून परतला. ऑक्टोबर १९९६ मध्ये स्लॅश गेला, १९९७ मध्ये डफ. करारान्वये मंडळीच्या नावाचा हक्क ॲक्सलकडे राहिला. इथे आमच्या किर्लोस्करांची गोष्ट उलटी झाली. तिथे गळा गेला होता आणि नाव मागे राहिले होते. इथे गळा आणि नाव एकाच हाती राहिले, आणि बाकी सारे गेले. ॲक्सलने नवे वादक गोळा केले. ‘चायनीज डेमॉक्रसी’ ही मुद्रिका पुरी व्हायला इतकी वर्षे लागली की एका शीतपेयाच्या कंपनीने २००८ सालात ती निघाली तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक डबा फुकट देऊ, असे थट्टेने जाहीर केले. २३ नोव्हेंबर २००८ रोजी ती खरोखरच निघाली.

आमच्या गच्चीवरच्या मंडळीचा शेवट यापेक्षा पुष्कळ शांत झाला. शतक उलटले, दोघे नोकरीसाठी अमेरिकेला गेले, एक घरच्या धंद्यात शिरला. मुलगा आणि त्याचा गिटारवादक मित्र असे दोघे इथे उरले. त्या मित्राने तीन नवी मुले घेऊन एका महाविद्यालयाच्या महोत्सवात जुन्याच नावाने कार्यक्रम केला. मुलाला ते फलकावर वाचून कळले. भांडण झाले नाही, बोलणे थांबले. जे नाव फार तर दोनशे माणसांनी ऐकले असेल, ज्याची कुठे नोंद नाही, ज्यातून पाच पैसे मिळाले नाहीत, त्या नावासाठी दोन वाढलेली मुले बारा वर्षे एकमेकांशी बोलली नाहीत. बंगळुरात सगळेच बँड फुटले असेही नाही. १९९६ सालीच सुरू झालेला ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ हा इथला बँड, माणसे बदलली तरी, दोन दशकांहून अधिक काळ टिकला. पण टिकणाऱ्यांकडे पाहून फुटणाऱ्यांचे समाधान होत नाही.

७ डिसेंबर २०१२ रोजी गन्स एन रोझेस प्रथमच भारतात आली आणि पहिला कार्यक्रम बंगळुरात, शहराच्या उत्तरेकडील भारतीय सिटीच्या मैदानावर झाला. मुलाने दोन तिकिटे काढली होती. दुसरे कोणासाठी होते हे मी विचारले नाही. त्या दिवशी सकाळी तो म्हणाला, “बाबा, तुम्ही येता का?” आणि मी गेलो.

रंगमंचावर आठ जण होते. मूळ पाचांपैकी एकटा ॲक्सल. १९९० पासून साथ करणारा डिझी रीड सोडला तर बाकीचे सारे नंतर आलेले. स्लॅश आणि इझी या दोघांच्या जागी तीन गिटारवादक होते, आणि तिघेही तयारीचे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्लीव्हलँडला या मंडळीचा रॉक संगीताच्या सन्मानदालनात समावेश झाला होता. स्लॅश, डफ आणि ॲडलर त्या समारंभाला गेले, ॲक्सलने पत्र लिहून यायचे नाकारले. म्हणजे एप्रिलमध्ये क्लीव्हलँडला वादक होते पण नावाचा मालक नव्हता, आणि डिसेंबरात बंगळुरात नावाचा मालक होता पण ते वादक नव्हते. दोन्हीकडे फलकावर शब्द तेच.

‘स्वीट चाइल्ड’ची ती सुरावट सुरू झाली तेव्हा हजारो मुलांनी एकदम आरोळी ठोकली. स्वर बरोबर होते. एकही चूक नव्हती. मी तपासणीस म्हणून ते घड्याळ पास केले असते. शेजारी मुलगा गात होता, आणि मधूनच थांबून नुसता पाहत होता. मात्र ॲक्सलला त्या दिवशी मी मनातून नावे ठेवू शकलो नाही. पन्नाशी गाठलेला, अंगाने भरलेला हा माणूस ते सारे ओझे एकट्याने ओढत आमच्या गावापर्यंत आला होता. त्याने नाव सोडून दिले असते तर त्या मैदानावर कोणीच आले नसते. नाव म्हणजे मंडळी नव्हे, हे खरे. पण नाव धरून ठेवणारा कोणी नसेल तर परत यायचे म्हटले तरी कुठे यायचे?

पुढे ते परत आले. १ एप्रिल २०१६ रोजी लॉस एंजेलिसच्या ट्रूबाडूर या लहानशा सभागृहात, जिथे या पाचांनी १९८५ मध्ये आरंभ केला होता तिथेच, ॲक्सल, स्लॅश आणि डफ एकत्र उभे राहिले. पुन्हा एकत्र येणार का, या प्रश्नाला ‘या जन्मी नाही’ असे ॲक्सल पूर्वी म्हणाला होता. तेच शब्द त्यांनी दौऱ्याचे नाव म्हणून घेतले. २०१९ पर्यंत चाललेल्या त्या दौऱ्याने ५८ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. पैशासाठीच आले, असे म्हणणारे म्हणाले. म्हणोत. मला मात्र जुलै १९२१ मधील मुंबईचे संयुक्त ‘मानापमान’ आठवते. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले हे दोन मंडळींचे धनी एका रंगमंचावर आले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव वारले. ज्यांनी तो एक प्रयोग पाहिला ते जन्मभर त्यावर बोलत राहिले. निमित्त फंडाचे होते की आणखी कशाचे, याचा विचार त्यांच्या बोलण्यात नसे.

१७ मे २०२५ रोजी ही मंडळी मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेली. या वेळी ॲक्सल, स्लॅश आणि डफ तिघेही होते. मुलगा गेला होता, आणि तो गिटारवादक मित्रही गेला होता. आधी ठरवून की तिथे गाठ पडून, ते मला ठाऊक नाही. परत आल्यावर मी विचारले, “कसा झाला?”

तो म्हणाला, “छान झाला. पण इझी नव्हता.”

इझी स्ट्रॅडलिन परतलाच नाही. लाफाएतहून मित्राबरोबर निघालेला, गाण्याची चौकट रचणारा, सर्वांत कमी बोलणारा. पाचांपैकी तिघे एकत्र आले म्हणून लोकांनी उत्सव केला, आणि तो करावाच. पण माझ्या मुलाला रिकामी जागा ऐकू आली, हे मला अधिक मोलाचे वाटते. नाव कोणाचे हे न्यायालय ठरवू शकते. नाद कोणाचा होता हे फक्त तोच सांगू शकतो, ज्याने कधीतरी चार जणांच्या मध्ये बसून वाजवले आहे आणि मग तो नाद गमावला आहे.